हरवलेले दोनशे दहा किलो

कामिनी मॅडमनी कडुनिंबाच्या खोडाला साखळीचे दोन वेढे दिले, साखळीत लोडिंगवाल्यांचा लटकता वजनकाटा अडकवला, काट्याच्या हुकात दोराची गाठ मारली आणि हात झटकत म्हटलं,

"हं. आता एकेक करून या."

कोणी आलं नाही. कँटीनच्या मागच्या मोकळ्या जागेत पाइप विभागाचे आठ गडी एकमेकांच्या आड उभे राहायचा प्रयत्न करत होते. आठ माणसांना एकाच वेळी एकमेकांच्या आड उभं राहता येत नाही, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"मॅडम, जोर असा झाडाला बांधून दिसत नसतो," लीलाधर म्हणाला. "तो मैदानात येतो. समोर लोडिंगवाले दिसले की आपोआप येतो."

"काट्यावरही येतो," मॅडम म्हणाल्या. "झाडाला लोडिंगवाला समजा."

मॅडम मूळच्या धुळ्याच्या, वय सत्तावीस, कंपनीत येऊन चार महिने झालेले. माणसांचं खातं त्यांच्याकडे होतं. आधीचे साहेब माणसांच्या खात्यात फक्त रजा बघत; या माणसं बघायला लागल्या होत्या. सव्वीस जानेवारीला कंपनीत रस्सीखेच होते, पाइप बनवणारे एका बाजूला आणि ते ट्रकमध्ये भरणारे दुसऱ्या बाजूला, हे कळल्यावर त्यांनी मनावर घेतलं होतं. वर्षभर एकमेकांची तंबाखू आणि मोटारसायकल वापरणारे हे लोक एक जानेवारी उजाडली की एकमेकांकडे पाकिस्तानातून आल्यासारखे बघायला लागत. सत्तावीस तारखेला पुन्हा तंबाखू. याचा अभ्यास व्हायला हवा असं मॅडमना वाटत होतं.

रांगेच्या शेवटी जीवराम उभा होता. दोराच्याही शेवटी तोच असायचा. दोराचं टोक कमरेभोवती घेऊन टाचा रोवायच्या आणि सगळ्या संघाचा भार तोलायचा, त्याला अँकर म्हणतात. चौदा वर्षं जीवराम अँकर होता आणि चौदापैकी अकरा ढाली पाइप विभागाच्या कपाटात होत्या. कँटीनच्या भिंतीवर 'एकजूट' असं लिहिलेलं मोठं पोस्टर होतं, त्यावर जीवरामचं तोंड होतं: दात आवळलेले, डोळे बारीक, मानेची डावी शीर टम्म फुगलेली. नवीन भरती झालेल्या पोरांना ते पोस्टर दाखवून सांगत, असं काम करायचं.

त्या तोंडाबद्दलची खरी गोष्ट दोघांनाच माहीत होती असं जीवराम धरून चालला होता. एक तो स्वतः आणि दुसरा धुळ्याचा हाडांचा डॉक्टर. चौदा वर्षांपूर्वी साचा उचलताना त्याच्या कमरेत काहीतरी कडकन झालं होतं. जळगावात हाडांचे डॉक्टर कमी नव्हते, पण ओळखीची माणसंही कमी नव्हती, म्हणून तो एसटीनं धुळ्याला गेला. डॉक्टरनं फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, वजन उचलायचं नाही, ओढायचं नाही. कंपनीत हे कळलं असतं तर त्याला मशीनवरून काढून गेटवर खुर्ची आणि रजिस्टर दिलं असतं. जीवरामला गेटवरची खुर्ची नको होती. तेव्हा मशीनवर त्यानं युक्तीनं निभावलं, आणि दोराला त्या वर्षापासून तो फक्त धरत आला. धरायचा, तोंड करायचा आणि ओरडायचा, "हो ऽऽ हप!" तोंड त्यानं न्हाणीतल्या आरशात बसवलं होतं.

आणि संघ जिंकत होता. पहिल्या वर्षी त्याला आश्चर्य वाटलं. दुसऱ्या वर्षी जरा वाईट वाटलं. तिसऱ्या वर्षापासून सवय झाली.

आता एकतीस जानेवारीला तो निवृत्त होणार होता. पोस्टर राहणार होतं. आणि निवृत्तीच्या तोंडावर ही मुलगी झाडाला काटा बांधून उभी होती.

"मी वाचतो आकडा," शकील पुढं होत म्हणाला. "मॅडम, तुम्ही लिहा. उन्हात तो पडदा दिसत नाही, हातानं आडोसा करावा लागतो."

शकील दोराला पहिल्या नंबरवर असायचा. अंगानं सडपातळ, पण पुढं शोभून दिसणारा. त्यानं दोन्ही हातांची ओंजळ करून काट्यावर धरली आणि त्यात डोळे घातले.

लीलाधर एकाहत्तर आला. मग अडुसष्ट, एकोणसाठ, चौसष्ट. ज्याचा आकडा वाचला जाई तो आधी बाकीच्यांकडे बघे आणि मग घाम पुसे. शकीलनं स्वतःचा दोर ओढला तेव्हा काटा लीलाधरनं वाचला, सहासष्ट.

"काका, तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "तुमचा तर शंभर यायला हवा. पोस्टरवर आहात."

जीवरामनं दोर कमरेला घेतला. पुढं सात पाठी असायच्या, त्या नव्हत्या. नुसतं झाड. त्यानं तोंड केलं. झाडावर त्याचा काही परिणाम झाला नाही. त्यानं थोडा, अगदी थोडा, जोर लावला तशी कमरेतून कळ निघून टाचेपर्यंत गेली आणि त्यानं दोर सोडला.

शकील ओंजळीतून डोळे न काढता क्षणभर थांबला.

"बासष्ट," तो म्हणाला.

"वयाच्या मानानं छान," मॅडमनी लिहिलं.

जीवरामला आपल्या हातांची चांगली ओळख होती. ते बासष्ट नव्हते. त्यानं शकीलकडं बघितलं. शकील काट्याची काच बाहीनं पुसत होता.

आठांची बेरीज पाचशे बारा झाली. मग मॅडमनी आठांना एकत्र दोर धरायला लावला. जीवराम मागं उभा राहिला, पुढच्या सात पाठी बघून त्याला हायसं वाटलं. "हो ऽऽ हप!" झाड हललं, दोन कावळे उडाले, सगळे धापा टाकायला लागले. मॅडमनी या वेळी स्वतः वाचलं.

"तीनशे दोन."

"पाचशे दोन असेल," लीलाधर म्हणाला.

"तीनशे दोन. दोनशे दहा किलो कमी."

सगळे काट्याकडं बघायला लागले. कोणी म्हणालं, गाठीनं खाल्ले असतील. कोणी म्हणालं, झाड वाकतं त्यात जातात. लीलाधरनं हळूच सुचवलं की काटा लोडिंगवाल्यांचा आहे, पाइपवाल्यांना बरोबर दाखवेलच कशाला. मॅडमनी सगळ्या सूचना लिहून घेतल्या आणि वही मिटली.

"दोनशे दहा किलो म्हणजे साधारण तीन माणसं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आठ जणांतली तीन माणसं दोरावर नसतातच. कोण ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल."

कोणी कोणाकडं बघितलं नाही. जीवराम तर आपल्या बुटांच्या नाड्यांकडं बघत होता. तीन कशाला, त्याला वाटलं, ते सगळे किलो एकट्या माझ्यावर लिहा.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी लोडिंगवाल्यांनाही झाडाला जुंपलं. त्यांचे एकशे नव्वद हरवले. दुपारी कँटीनमध्ये त्यांचा अँकर वना ताट घेऊन मुद्दाम पाइपवाल्यांच्या टेबलावरून गेला. वना जीवरामपेक्षा सहा वर्षांनी लहान आणि दीड पट रुंद होता. चौदा वर्षं दोघं दोराच्या दोन टोकांना होते.

"काय जीवरामभाऊ, दोनशे दहा का? आमचे फक्त एकशे नव्वद गेले. ही पहिली फेरी आम्ही जिंकलो म्हणायची."

"जास्त जातील कुठून," लीलाधर म्हणाला. "आधी असायला तर पाहिजेत."

"यंदा शेवटचा दोर ना तुमचा?" वना जीवरामला म्हणाला. "मग रडवूनच पाठवतो तुम्हाला."

"बघू," जीवराम म्हणाला. त्याच्या पाठीमागं भिंतीवर त्याचंच तोंड दात आवळून बसलं होतं.

सव्वीस तारखेला पहाटे जीवरामच्या बायकोनं, कुंदाबाईनं, त्याच्या कमरेला पट्टा बांधला. पट्टा शर्टाच्या आत असायचा; उसण भरते, एवढंच त्यानं तिला सांगितलं होतं. ती एक गुडघा टेकून, दोन्ही हातांनी आवळत बांधायची. दोघं भडगावकडचे, जीवरामची बोली कंपनीत झिजली होती, कुंदाबाईची जशीच्या तशी होती.

"वढू नका बरं का," ती म्हणाली.

दरवर्षी यावर तो म्हणायचा, मी कुठं ओढतो. या वर्षी काही बोलला नाही. कुंदाबाईनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि पट्टा आणखी एक भोक आवळला.

झेंडावंदन झालं, साहेबांचं भाषण झालं, बुंदी वाटली गेली. मैदानावर फक्कीची रेघ मारली होती. दोराच्या मध्यावर लाल रुमाल बांधला होता. जीवरामनं दोर कमरेभोवती घेतला, टाचांनी माती उकरली, आणि त्याचं ठरलं. चौदा वर्षांचे किलो एका वेळी परत देता येत नाहीत. पण या वर्षीचे देता येतील. पाठीचं काय व्हायचं ते होवो. एकतीस तारखेनंतर पाठ कोणाला हवी होती?

समोर पंचवीस पावलांवर दोराच्या दुसऱ्या टोकाला वना दिसत होता. त्याचे दात आवळलेले होते, डोळे बारीक झाले होते आणि बैलासारख्या मानेवर शीर टम्म फुगली होती. हे तोंड आपण कुठंतरी बघितलंय असं जीवरामला वाटलं, पण विचार करायला वेळ नव्हता.

शिट्टी झाली.

जीवरामनं ओढलं. तोंड करायचं राहून गेलं, ओरडायचंही राहून गेलं. डोळ्यांपुढं काही नव्हतं, कमरेत काही नव्हतं, नुसता दोर होता आणि तो येत होता. सरकत नव्हता, येत होता, गाईच्या मागं वासरू यावं तसा. क्षणभर जीवरामला असा आनंद झाला की ज्याचं नाव त्याला माहीत नव्हतं. मी, त्याला वाटलं, हे मी करतोय.

मग त्याला आकाश दिसलं. मग लीलाधरची पाठ. मग काही दिसलं नाही.

कंपनीच्या इतिहासात इतकी छोटी रस्सीखेच झाली नव्हती. पंचाच्या म्हणण्याप्रमाणे चार सेकंद. काहींच्या मते तीन. पाइप विभागाचे सातही गडी उताणे जाऊन एकमेकांवर आणि शेवटी जीवराम अँकरवर पडले. फोटोग्राफरनं नेमका तो क्षण टिपला. त्यात सात जणांच्या बुटांचे तळवे आले, म्हणून पोस्टरसाठी तो चालला नाही.

डॉक्टरनं तीन आठवडे खाट सांगितली. दिवसातून दोनदा धरून उभं करायचं, बाकी पडून राहायचं. तेव्हा एकतीस तारखेचा निरोप समारंभ जीवरामशिवाय झाला. साहेबांनी रिकाम्या खुर्चीला शाल घातली आणि ती शाल, नारळ आणि बारावी ढाल कामिनी मॅडम रिक्षानं घरी घेऊन आल्या.

"काका, दोनशे दहा किलो परत आले," त्या खाटेजवळ बसत म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "मी अहवाल लिहितेय. मोजल्याचं कळलं की माणसं बदलतात."

"बदलतात," जीवराम छताकडं बघत म्हणाला. "पण मग पडतात."

मॅडमनी तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी लीलाधर आला. यावलकडच्या आपल्या शेतातली केळीची फणी त्यानं खाटेखाली सरकवली, कुंदाबाई चहा करायला आत गेल्याची खात्री केली आणि खुर्ची जवळ ओढली.

"भाऊ, एक बोलायचं होतं. ते दोनशे दहा माझे होते."

"सगळे?"

"बहुतेक. मी मध्ये असतो ना, चार पुढं, तीन मागं. कोणाला काय कळणार? आठ वर्षं मी दोराबरोबर नुसता मागं-पुढं होतो. पण मॅडम म्हणाल्या आणि मला रात्रभर झोप नाही. म्हटलं भाऊचं शेवटचं वर्ष आहे. या सव्वीसला मी जो काय ओढला, भाऊ..." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "म्हणून तर तो तसा आला. जास्तच झालं माझ्याकडून. माफ करा."

जीवरामनं त्याच्याकडं बघितलं. मी ओढला, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"कळलं होतं मला," तो म्हणाला. "दोर हाताला सांगतो."

लीलाधर मोकळा होऊन गेला. जाताना त्यानं बारावी ढाल हातात घेऊन पुसली.

शकील जुम्म्याची नमाज करून आला. त्याच्या बायकोनं, शहनाजनं, नानखटाईचा पुडा पाठवला होता. तो खाटेच्या कडेवर बसला आणि बराच वेळ पुड्याची सुतळी सोडत राहिला.

"चोवीस होते, भाऊ," तो शेवटी म्हणाला.

"चोवीस?" जीवराम जरा दुखावला. "मला वाटलं तीस तरी असतील."

"चोवीस पॉइंट चार."

"तुला माहीत होतं?"

"शहनाजचं माहेर धुळ्याचं. तिच्या अब्बांचे गुडघे दाखवायला मी त्याच दवाखान्यात बसलेलो. तुम्ही पेपर पुढं धरला होता. अर्धा तास एकच पान. वधू पाहिजे." शकील हसला. "म्हटलं कुंदाअक्काला सांगावं का."

"चौदा वर्षं बोलला नाहीस."

"मी काय बोलणार? मी पहिल्या नंबरवर. सगळ्यांना माझी पाठ दिसते, हात कोणाला दिसत नाहीत. मी हात नुसते ठेवायचो, भाऊ. मागं तुम्ही आहात म्हणून. तुम्ही ओढत नाही हे माहीत असूनही, तुम्ही आहात म्हणून. काय डोकं चालतं बघा माणसाचं." त्यानं सुतळीचं वेटोळं केलं. "पण यंदा कसम से ओढला. म्हटलं तुमच्या पाठीवर येऊ नये. आणि तुमच्या पाठीवरच पडलो."

"कळलं होतं मला," जीवराम म्हणाला. या वेळी त्याला दोराचं पुढचं वाक्य आठवलं नाही.

आठवड्यात सगळे येऊन गेले. सगळ्यांनी कुंदाबाई आत जायची वाट पाहिली, सगळ्यांनी आवाज खाली आणला. दोर एकूण सात जणांनी एकेकट्यानं जिंकला होता. जीवरामनं प्रत्येकाला तो त्याचा त्याचा देऊन टाकला. स्वतःचा मात्र त्यानं कोणाला दाखवला नाही. छताकडं बघताना तो अधूनमधून काढून बघायचा. आठांनी खरोखर ओढला असेल तर त्यात आठवा हिस्सा आपला. तेवढा पुष्कळ होता.

रविवारी वना आला. त्यानं काही आणलं नव्हतं. दारात चप्पल काढताना तो दोनदा थांबला, आत आला, आणि खुर्चीवर बसल्यावर खुर्ची छोटी दिसायला लागली.

"कसं आहे पाठीचं?"

"आहे."

"जीवरामभाऊ, मी दोर सोडला."

जीवरामनं मान त्याच्याकडं वळवली.

"म्हणजे हातातून नाही सोडला. धरला होता. ओढला नाही. शेवटचं वर्ष तुमचं, म्हटलं जिंकून जाऊ दे माणसाला. मला वाटलं, मी एकट्यानं नाही ओढला तर काय फरक पडतो? पुढं सात जण आहेतच. जरा चुरस होईल आणि तुम्ही घ्याल." वनानं तळहातानं गुडघे चोळले. "काल आमचा झिपरू म्हणाला, त्यानंही नाही ओढला. मग मी पितांबरला विचारलं. मग बाकीच्यांना. आमच्यात कोणीच..." त्यानं वाक्य अर्ध्यावर ठेवलं. "मारायचं नव्हतं हो तुम्हाला. मान द्यायचा होता."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. जीवरामनं तो गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत ऐकून घेतला.

"मला कळायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "तुझं तोंड दिसलं होतं मला."

"तोंड?" वना दुखावला. "तोंड तर मी जोराचं केलं होतं!"

"तेच तर."

वना बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या लक्षात काहीतरी आलं, त्याला पोस्टर आठवलं असावं. त्यानं खाटेखालचं एक केळं न विचारता सोलून खाल्लं.

"पुढच्या वर्षी अँकर कोण?" जाताना त्यानं विचारलं.

"लीलाधर म्हणतो, मी होणार."

"मग आम्ही जिंकलो," वना म्हणाला, आणि दारातून अंग तिरकं करून बाहेर पडला.

कुंदाबाई हात पुसत स्वयंपाकघरातून आली. कपबशा उचलता उचलता तिनं विचारलं,

"मंग दोर वढा कोनी?"

"तू ऐकत होतीस?"

"आठ दिननी आयकी राहिनू. भिंत का जाड शे?"

जीवराम छताकडं बघायला लागला. आठवा हिस्सा अजून तिथं होता का, ते त्याला नीट दिसत नव्हतं.

"उठा, चला. उभं राहवाना टाइम झाया."

तिनं कपबशा बाजूला ठेवल्या, खाटेसमोर पाय फाकून उभी राहिली आणि दोन्ही हात पुढं केले. जीवरामनं पाय खाली सोडले, तिचे हात धरले. रोजच्याप्रमाणे त्यानं दात आवळले, डोळे बारीक केले.

"ते तोंड राहू द्या," कुंदाबाई म्हणाली. "मले बठ्ठं माहीत शे. चौदा वरीस झायात. आज जोर लावा."

जीवरामचं तोंड उतरलं. आता चेहऱ्यावर काय ठेवायचं हे त्याला सुचेना, म्हणून त्यानं काहीच ठेवलं नाही. कुंदाबाईनं मोजलं. एक. दोन. तीनला त्यानं टाचा फरशीवर रोवल्या. कमरेतून कळ निघाली, ती त्यानं जाऊ दिली, आणि खाट मागं राहिली. तो उभा होता. भिंतीला टेकला नव्हता, वाकलाही नव्हता.

इतकं सहज झालं की तिला काहीतरी बरं बोलावं असं त्याच्या मनात आलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं.

कुंदाबाईचे दात आवळलेले होते. डोळे बारीक झाले होते, आणि मानेची डावी शीर टम्म फुगली होती.